चित्रं पूर्ण आहेत का?

"सर, तुमचा माल आला हाये. येऊन पाहून घ्या." एवढाच फोन असतो. मग शाळा सुटल्यावर मी घराकडं वळत नाही. गडचांदूरच्या बसस्थानकामागच्या कबाड्याच्या दुकानात पुढं टिनाचे पत्रे, कुलरच्या गंजक्या जाळ्या आणि सायकलींचे सांगाडे असतात. मागं ताडपत्रीखाली रद्दी असते. कबाडीभाऊ वर्तमानपत्रं वेगळी ठेवतो, पुठ्ठा वेगळा आणि 'बुकं' वेगळी. पहिली काही वर्षं मी पोती उपसून स्वतः शोधत असे. आता माझी गरज त्याला कळली आहे. तो पान उलटून बघतो आणि आधीच सांगतो, "याच्यातले फोटो कोनं काढून नेले जी. तुमाले चालनार नाही."

चित्रं पूर्ण आहेत का, हा सचित्र पुस्तकांच्या जुन्या बाजारातला पहिला प्रश्न. मुंबईच्या फोर्टातला विक्रेता असो की आमचा कबाडीभाऊ, तो विचारावाच लागतो. खिळे जुळवून मजकूर छापायच्या काळात साधा खरखरीत कागद चाले, पण हाफटोन ठशाचे बारीक ठिपके नीट उमटायला गुळगुळीत आर्ट पेपर लागे. म्हणून चित्रं वेगळ्या कागदावर, कित्येकदा वेगळ्या छापखान्यात छापून घेत आणि बांधणीच्या वेळी पानांमध्ये शिवत किंवा कडेनं चिकटवत. चिकटवलेलं चित्र शंभर वर्षांत सुटतं. शिवलेलं चित्र ब्लेडनं कापता येतं. पुस्तकाच्या सुरुवातीला चित्रांची यादी असेल, तर ती समोर धरून एकेक पान मोजायचं. यादी नसेल, तर शिवणीजवळ बोट फिरवून पाहायचं. कापलेल्या पानाची अरुंद पट्टी बोटाला लागते.

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवतो. कोरपना आणि जिवती तालुक्यांतल्या खेड्यांमधून येणारी ही मुलं स्थिरचित्र आणि संकल्पचित्र चांगलं करतात. काहींच्या रेषेत अशी ताकद असते की मी वहीवरून नजर काढत नाही. पण कॅनव्हासवरचं मूळ तैलचित्र त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. त्यासाठी नागपूरला जावं लागतं, आणि नागपूरला माणूस जातो तो दवाखान्यासाठी. तेव्हा या मुलांना चित्र भेटणार ते छापलेल्या पानावर. ती पानं गडचांदुरात यावीत, एवढ्यासाठी मी हा संग्रह करतो.

इथं ती पानं येतात कशी, हे आधी सांगतो. राजुरा आणि कोरपन्याच्या जमिनीखाली चुनखडी आहे. त्या चुनखडीवर १९८०च्या दशकापासून गडचांदूर, आवारपूर, पुढं उपरवाही असे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या वसाहती वसल्या. राजस्थान, बंगाल, आंध्र, पश्चिम महाराष्ट्र, सगळीकडची माणसं तिथं येऊन राहतात. बदली झाली की ट्रकमध्ये पलंग जातो, फ्रिज जातो, तुळशीची कुंडीसुद्धा जाते. पुस्तकं वजनाला भारी, म्हणून ती मागं राहतात. एप्रिल-मे हे बदल्यांचे महिने, आणि तोच माझा हंगाम. ज्या गावात पुस्तकांचं मोठं दुकान नाही, तिथल्या रद्दीत बंगाली पूजा वार्षिकांचे गठ्ठे निघतात, 'मार्ग' या कला-नियतकालिकाचा सुटा अंक निघतो, आणि एकदा, १९९०च्या सुमारास बांधलेल्या एका पुठ्ठ्याच्या खंडात, ओळीनं चार वर्षांचे 'दीपावली' अंक निघाले.

त्या खंडापासून माझा संग्रह खऱ्या अर्थानं सुरू झाला. दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला तो १९४५ साली. गोव्यात १९१६ला जन्मलेला हा चित्रकार १९७१च्या जानेवारीत, पंचावन्नाव्या वर्षी गेला. पण त्या पंचवीसेक वर्षांत मराठी घराच्या डोळ्यांना त्यानं जे वळण लावलं, ते आमच्या पिढीपर्यंत पोचलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंकाला चित्र हवंच, असा रिवाज पडला होता. दलालांनी चित्राला अंकाचा मालक केलं. मुखपृष्ठ तर त्यांचं असेच, शिवाय आत एकेका विषयावरच्या रंगीत चित्रांची मालिका असे, आणि कथांना रेखाटनं. कवितेच्या बाजूला केवळ चार रेषांत उभी केलेली एखादी बाई असे. तिच्या खांद्याची रेघ मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो आणि विचारतो, 'हात कुठं सुरू झाला?' ते सांगता येत नाही. कारण दलालांनी तिथं रेघ ओढलेलीच नसते. आपला डोळाच ती पूर्ण करतो.

त्यांच्याच काळात रघुवीर मुळगावकर होते, तेही गोव्याचेच. त्यांचे 'रत्नप्रभा' आणि 'रत्नदीप' हे अंक मला क्वचितच पूर्ण सापडले आहेत, आणि त्याचं कारण मला राग आणणारं नाही. मुळगावकरांचे देव लोकांनी अंकातून काढून काचेत बसवले. फवाऱ्यानं रंग देऊन त्यांनी आणलेली ती मऊ, उजळ कांती विदर्भातल्या देवघरांत अजून दिसते. राजुऱ्याजवळच्या एका घरात मी जेवायला बसलो असताना समोरच्या लक्ष्मीखाली त्यांची सही दिसली. फ्रेमच्या आत, डाव्या कडेला, टाचणीच्या दोन भोकांच्या खुणा होत्या. अंकातलं मधलं पान. ते मागावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्या घरात पन्नासेक वर्षं त्याला रोज उदबत्ती लागत होती.

मला राग येतो तो वेगळ्या कापाकापीचा. जुनं सचित्र पुस्तक अखंड विकण्यापेक्षा त्यातली चित्रं सुटी करून, माउंट लावून विकली तर पैसे जास्त मिळतात, असं गणित मोठ्या शहरांतल्या बाजारात रूढ झालं आहे. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्रांचे असे हाल फार झाले. जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून आलेला आणि पुढं तिथंच मोठ्या पदावर पोचलेला हा कोल्हापूरचा चित्रकार इंग्रजी पुस्तकांसाठीही चित्रं काढी. एडवर्डसचं मुंबईवरचं पुस्तक १९१२चं, किंकेडनं इंग्रजीत सांगितलेल्या दख्खनच्या व्रतकथांचं १९१४चं, आणि ऑटो रॉथफील्डचं भारतीय स्त्रियांवरचं १९२०च्या सुमाराचं. तिन्हींत धुरंधर आहेत. या तिसऱ्या पुस्तकाची एक प्रत मी नागपूरला सीताबर्डीवर पाहिली. बांधणी शाबूत होती, सोनेरी अक्षरं शाबूत होती आणि आत एकही रंगीत चित्र नव्हतं. चित्रांवर घालायचे पातळ कागद तेवढे जिथल्या तिथं होते. विक्रेता म्हणाला, "भाऊ, वाचायला तर पूर्ण आहे ना." मी ती प्रत घेतली नाही, याचं मला नंतर वाईट वाटलं. चित्रं काढून घेतल्यावर पुस्तकाचं काय उरतं, हे मुलांना दाखवायला ती ठेवायला हवी होती.

धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४०चं आत्मकथन मात्र माझ्याकडं आहे. चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलानं ते वाचावं. आणि त्याच्या जोडीला द. ग. गोडशांचं 'पोत'. गोडसे सावनेर-नागपुरात शिकले, म्हणजे आमच्याच विदर्भात वाढले. पुस्तकाचं मुखपृष्ठ, नाटकाचं नेपथ्य, मूर्तीचा दगड आणि इतिहासाचा कागद या सगळ्यांकडं एकाच नजरेनं पाहणारा असा माणूस मराठीत पुन्हा झाला नाही, असं माझं मत आहे. माझ्या 'पोत'च्या प्रतीवर एका वाचनालयाचा शिक्का आहे आणि त्यावर 'रद्द' असा दुसरा शिक्का. हा दुसरा शिक्का असल्याशिवाय वाचनालयाचं पुस्तक मी घेत नाही. रद्दीत आलं म्हणून चोरीचं पुस्तक आपलं होत नाही. अशी दोन पुस्तकं मी त्या त्या गावी परत नेऊन दिली आहेत.

रद्दीत सर्वांत आनंद देणारी वस्तू म्हणजे सोव्हिएत पुस्तकं. मॉस्कोच्या 'रादुगा' आणि 'प्रगती' प्रकाशनांची मुलांची पुस्तकं मराठीत छापून येत. अनिल हवालदारांनी त्यांतल्या कितीतरी पुस्तकांचा अनुवाद केला आणि लोकवाङ्मय गृहानं ती महाराष्ट्रात गावोगाव पोचवली. किंमत अगदी थोडी, पण कागद आणि रंग असे की आजच्या महागड्या पुस्तकांनी लाजावं. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि ही पुस्तकं येणं बंद झालं. व्लादिमिर सुतेयेवचं कोंबडीचं पिल्लू आणि बदकाचं पिल्लू आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांना आजही वेड लावतं. सुतेयेव आधी कार्टूनपट करणारा. त्यामुळं त्याचं प्रत्येक चित्र पुढच्या चित्राकडं पळत असतं. मुलांना मी चित्रकथा काढायला देतो तेव्हा शब्द झाकून फक्त त्याची चित्रं दाखवतो.

आता मूळ दुखण्याकडं येतो. हे सगळं बाहेरून आलेलं झालं. आमच्या या मुलखाची चित्रं कुठल्या पुस्तकात आहेत? पुष्कळ पुस्तकांत आहेत, आणि ती पुस्तकं इथं नाहीत.

मार्कंड्याची देवळं घ्या. वैनगंगेच्या काठी, चामोर्शीजवळ. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात फिरला आणि त्या दौऱ्याचा अहवाल पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १८७९ साली कलकत्त्याला छापला गेला. त्यात मार्कंडा आहे, भांदक आहे, आणि मागं आराखड्यांचे छापे आहेत. संगणकावर हा खंड फुकट वाचता येतो, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञही आहे. पण अशा जुन्या खंडांतले मोठे छापे घडी घालून बांधलेले असतात आणि यंत्रावर पानं उलटणाऱ्यानं कित्येकदा ती घडी उलगडलेलीच नसते. पडद्यावर दिसतो तो अर्धा आराखडा आणि कागदाची पाठ. म्हणून मूळ खंड लागतो. तसेच रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६चे, व्हेरिअर एल्विनचं मध्य भारतातल्या आदिवासी कलेवरचं १९५१चं. एल्विनच्या त्या पुस्तकात लाकडी फण्या, तंबाखूच्या डब्या, मुखवटे, भिंतीवरची चित्रं यांच्या आकृत्यांवर आकृत्या आहेत. नक्षी शिकवणाऱ्याला याहून चांगलं क्रमिक पुस्तक मिळणार नाही. माझ्याकडं याची फक्त छायाप्रत आहे. मूळ प्रतीची किंमत एकदा विचारली. ती माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होती.

माझ्या पगारात बसलेलं एक पुस्तक मात्र हैदराबादला मिळालं. रविवारी आबिड्सच्या बंद दुकानांसमोर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. गडचांदूरच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. आमचा राजुरा भाग निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता, आणि जिल्हा आदिलाबाद. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढं चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आजही आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषांत भाव होतो. तर आबिड्सला एका ढिगात, अभियांत्रिकीच्या गाइडांखाली, मला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक दिसलं. लंडन, १९४८. पाठ सुटलेली, नकाशा फाटलेला, काही चित्रं गेलेली. विक्रेत्यानं ते वजनानं घेतलेलं असणार. मला त्यानं आठशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली नाही.

हे पुस्तक का झालं, ते समजून घ्यावं लागतं. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमराम भीम मारला गेला. जंगलजमिनीसाठी उठलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या. हे लोक का उठले, हे शोधायला निजाम सरकारनं ज्याला नेमलं तो हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्धामुळं तो हैदराबाद संस्थानातच अडकलेला होता. तो मार्लवाईला गोंडांमध्ये गवताच्या झोपडीत राहिला, बायकोसह. १९४३मध्ये तिथं गोंड शिक्षक घडवण्याचं केंद्र सुरू झालं आणि गोंडीतली वाचनपुस्तकं निघाली. लिपी देवनागरी, कारण या भागातल्या शिकलेल्या गोंडाला मराठी येत होतं. त्या वाचनपुस्तकांपैकी एक जरी प्रत मिळाली, तर माझ्या कपाटातला अर्धा माल मी त्या बदल्यात देईन. इतकी पातळ पुस्तकं मुलं वापरून संपवतात. ती जपायची कुणाला सुचणार?

त्याच निजाम सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांचे ग्रंथ काढायला घेतले. १९३० ते १९५५ या काळात त्यांचे चार भाग निघाले, गुलाम याजदानींच्या देखरेखीखाली. त्यातला एक भाग मी एका ग्रंथालयात उभ्यानं पाहिला आहे. अजिंठ्याच्या वाट्याला ग्रिफिथ्सचे १८९६-९७चे दोन भव्य ग्रंथ आले, हेरिंगहॅमबाईंचा १९१५चा आला, याजदानींचे आले. ते योग्यच झालं. पण चंद्रपूरच्या लालपेठेत उघड्यावर आडव्या पडलेल्या त्या प्रचंड अपुऱ्या मूर्ती पाहताना मला दरवेळी वाटतं, यांचं एक मोठं, नीट छापलेलं चित्रपुस्तक मराठीत का नसावं? अ. ज. राजूरकरांनी चंद्रपूरचा इतिहास मराठीत लिहून ठेवला. त्याच्या जोडीचं चित्रांचं काम राहिलं आहे.

जपणुकीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण इथं पुस्तक मिळवण्याइतकंच ते टिकवणं कठीण. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. जुना सरस पापडासारखा तडकतो आणि पाठ सुटते. लगेच जूनमध्ये हवा ओली होते. दिवाळी अंकांच्या लोखंडी पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. त्या मी बोथट सुरीनं उचकटून काढतो आणि सुती दोऱ्यानं शिवतो. वर्तमानपत्री कागद आतल्या आम्लानं पिवळा पडून तुटतो, त्याला माझ्याकडं उपाय नाही. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, एवढंच. आणि सिमेंटची धूळ. ती रोज येते. कोरडी असताना मऊ कुंचल्यानं झटकली तर निघते, पण ओल्या फडक्यानं पुसली की गुळगुळीत चित्रावर घट्ट बसते. एका अंकाच्या मुखपृष्ठावर मी ही चूक केली. दलालांच्या निळ्या रंगावर तो करडा पट्टा कायमचा आहे. तेव्हापासून कपाटाच्या फटींना जुन्या धोतराच्या पट्ट्या लावल्या आहेत, आत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला असतो. वाळवीसाठी कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

दर शनिवारी दुपारी मी मुलांना कपाट उघडून देतो. नियम एकच, हात धुऊन पुसायचे. हायमेनडॉर्फचं पुस्तक बाहेर आलं की जिवतीकडची मुलं पुढं सरकतात. त्यातल्या चित्रांत किंगरी हे तंतुवाद्य घेतलेले परधान, म्हणजे गोंडांचे गायक, आहेत, गोंड घरं आहेत. 'पुस्तकात आपण' असं यांपैकी कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. आठवीतल्या एकानं मला विचारलं, "सर, हे आमच्या आज्याले दाखवू का?"

दिवाळीच्या सुट्टीत मी पुस्तक पिशवीत घालून त्याच्या गुड्यावर, म्हणजे पाड्यावर, गेलो. या डोंगरात दिवाळी म्हणजे दंडारी. पुरुषांचा मेळ एका गावाहून दुसऱ्या गावी नाचायला जातो. अंगाला राख आणि डोक्यावर मोरपिसांचा डोलारा असलेले गुसाडी पुढं असतात. मार्लवाईच्या कनक राजूंना या गुसाडी नाचासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सीमेच्या अलीकडच्या या गुड्यांवरही लोकांनी ढोल वाजवले होते. मुलाच्या आज्यानं पुस्तक मांडीवर घेतलं. माणसांच्या तोंडांकडं त्यानं फारसं पाहिलं नाही. एका चित्रातल्या वाद्यावर बोट ठेवून तो नातवाशी गोंडीत बराच वेळ बोलला. नातवानं मला सांगितलं की त्याचं लाकूड कुठलं आणि कातडं कुठलं, हे आजा सांगतोय, आणि आता तसं कुणी करत नाही म्हणतोय. मग म्हाताऱ्यानं मराठीत विचारलं, "गुरुजी, दंडारी संपेपर्यंत ठेवता का? पाहुने येनार हायेत. तेही पाहतीन."

माझा हात पिशवीवरच होता. मी पुस्तक ठेवून आलो.

दहाव्या दिवशी मुलगा ते घेऊन शाळेत आला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. मी यादी समोर धरून चित्रं मोजली. जितकी दिली होती तितकी होती. वाद्याच्या चित्राच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा हळदीचा ठसा होता. संग्रहाच्या माझ्या वहीत प्रत्येक पुस्तकापुढं स्थितीचा रकाना आहे. या पुस्तकापुढं आधी लिहिलं होतं: 'पाठ सुटी. नकाशा फाटका. चित्रं अपूर्ण.' त्याखाली तारीख घालून मी लिहिलं: 'एका चित्रावर हळद. काढू नये.'